बोर्ड दाराबाहेर, मगच टाइल्स

*पत्र :* आम्ही नाशिकला बावीस वर्षं जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. संडास आणि न्हाणीघर शेजारी-शेजारी आहेत, ते एक करून पाच बाय आठ फुटांचं बाथरूम करायचं ठरलंय. पुढच्या आठवड्यात तोडफोड सुरू होईल. कंत्राटदार म्हणतो, आरशाशेजारी एकच मोठा बोर्ड देतो. त्यावर गीझर, एक्झॉस्ट, आरशाचा दिवा, ट्रिमर आणि हेअर ड्रायरसाठी सॉकेट, आणि खाली वॉशिंग मशीनचा पॉइंट. वर प्लास्टिकचं झाकण बसवलं की पाणी जात नाही, असं त्याचं म्हणणं. मिस्टरांना पटलंय. मला मात्र भीती वाटते, कारण दिवाळीपासून न्हाणीतल्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. सासूबाईंना (वय ७४) तर दोनदा चांगलाच झटका बसला. वायरमन टेस्टर लावून बघून गेला. "किरकोळ लीकेज आहे, रबरी चप्पल घालून आंघोळ करा," म्हणाला. नियम नक्की काय आहे? की मीच उगाच घाबरतेय? – एक वाचक, नाशिक

ताई,

बोर्ड, झाकण, कंत्राटदार यांचं मागाहून बघू. आधी उठा, हात कोरडे करा, गीझरचं बटण बंद करा आणि डीबीमधला (घरातल्या विजेच्या मुख्य पेटीतला) त्याचा एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा खटका, तोही खाली पाडा. नुसत्या बटणावर विसंबू नका. जुन्या घरांत बटण चुकून न्यूट्रलवर, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेवर, बसवलेलं सापडतं. तसं असेल तर बटण बंद असूनही गीझरमध्ये फेज (वीज आणणारी तार) तशीच उभी असते. नीट तपासणी होईपर्यंत आंघोळीचं पाणी गॅसवर तापवा, आणि भरलेलं पातेलं सासूबाईंना उचलू देऊ नका. गीझर बंद करूनही झिणझिण्या आल्याच तर त्या नळाला कोणीही हात लावायचा नाही. "बघू गेल्या का" म्हणून बोट लावून खात्री करणारे लोक मी पाहिलेत. तसं करू नका.

तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. त्या घरात विजेचं म्हणणं नीट ऐकलंय ते तुम्ही एकटीनेच.

आता त्या "किरकोळ" शब्दाकडे येऊ. अंगातून साधारण १ मिलीअँपिअर गेला की झिणझिणी जाणवते. १० च्या आसपास मूठ आवळली जाते आणि धरलेली वस्तू सुटत नाही. ३० च्या पुढे छातीचे स्नायू आखडायला लागतात, आणि त्याहून वर हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. तुम्हाला झिणझिण्या येतात आणि सासूबाईंना झटका बसतो तो त्याच नळाचा. फरक बहुधा इतकाच की तुम्ही उभ्याने, चपलेत, घाईघाईने नळ सोडता, आणि त्या स्टुलावर बसून, अनवाणी पाय ओल्या फरशीवर ठेवून नळाला हात लावतात. अंग ओलं असलं की शरीराचा रोध हजारभर ओहमपर्यंत उतरू शकतो. २३० व्होल्टला १००० ने भागा : २३० मिलीअँपिअर. वर दिलेले आकडे परत एकदा वाचा.

रबरी चप्पल या हिशेबात फक्त पायापुरती आहे. एक हात नळाला आणि दुसरा ओल्या भिंतीला टेकला, तर वीज एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि वाटेत छाती लागते. शिवाय झिजलेल्या तळव्याची भिजलेली चप्पल म्हणजे काय संरक्षण!

टेस्टरबद्दलही सांगते. मी स्वतः पंचवीस वर्षं वायरिंगच्या कामांवर देखरेख केली, पण टेस्टरचा दिवा बघून "किरकोळ" म्हणण्याचं धाडस मला कधी झालं नाही. तो दिवा जरा-जराशा विजेवरही लागतो. वीज आहे एवढं तो सांगतो, किती आहे हे सांगत नाही.

झिणझिण्या येतात तेव्हा घरात बहुतेक वेळा एक नाही, दोन बिघाड असतात. पहिला गीझरच्या आत. बोअरच्या जड पाण्याने हीटरच्या नळीवर क्षारांचा थर बसतो, नळी तापून तडकते आणि आतली वीज पाण्याशी भिडते. एवढ्यानं झिणझिण्या यायला नकोत, कारण अशी सुटलेली वीज वाहून न्यायला अर्थिंगची तार असते. म्हणजे दुसरा बिघाड तिथे असणार. सॉकेटमधली हिरवी तार निखळली असेल, पिनमध्ये जोडलीच नसेल, किंवा इमारतीचं अर्थिंगच गेलं असेल. (कधी कधी दोष शेजारच्या फ्लॅटचा असतो आणि लोखंडी पाइपातून तो पाहुणा तुमच्याकडे येतो. म्हणून गीझर बंद करूनही झिणझिण्या येत असतील, तर वरच्या-खालच्या मजल्यावर आणि सोसायटीत लगेच कळवा.) तेव्हा दुसरा, परवानाधारक वायरमन बोलवा. तो मेगर (तारांचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र) आणि अर्थिंग मोजायचं मीटर घेऊन येतो का, हे फोनवरच विचारा. मेगरवर इन्सुलेशन १ मेगओहमच्या खाली दिसलं की ती लाइन किंवा ते यंत्र बाद. तो "अर्थिंग नाही ना, मग न्यूट्रललाच जोडून देतो" म्हणाला, तर चहा पाजून परत पाठवा. न्यूट्रल कुठे तुटली तर गीझरचा पत्रा, नळ, सगळं थेट फेजवर येतं.

हे मार्गी लागलं की मग तुमचा मूळ प्रश्न.

नियम आहेत, आणि ते अंतरात मोजलेले आहेत. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोचं आयएस ७३२ हे वायरिंगचं मानक आहे. त्याची २०१९ ची आवृत्ती आंतरराष्ट्रीय आयईसी ६०३६४ च्या मांडणीवर बेतलेली आहे, आणि त्या आंतरराष्ट्रीय मानकात न्हाणीघरासाठी स्वतंत्र भाग आहे. तिथे खोलीचे पट्टे पाडलेत. टबच्या आत, पाण्यातच, तो शून्य पट्टा. तिथे १२ व्होल्टच्या वर काही नाही. टबच्या वरची जागा, जमिनीपासून २.२५ मीटरपर्यंत, म्हणजे साडेसात फुटांना थोडी कमी, तो पहिला पट्टा. त्याच्या पुढचे ६० सेंटिमीटर हा दुसरा. टब नसेल, नुसता भिंतीवर शॉवर आणि खाली फरशी असेल, तर पहिला पट्टा शॉवरच्या तोंडापासून आडवा १.२ मीटर धरायचा. साध्या भाषेत, चार फूट. आपल्याकडे बहुतेक घरांत हाच प्रकार.

पहिल्या आणि दुसऱ्या, दोन्ही पट्ट्यांत नेहमीचं सॉकेट चालत नाही. जे काही बसवायचं ते उडणाऱ्या पाण्याला पुरून उरणारं हवं. डब्यावर आयपी ४४ असं लिहिलेलं असतं, त्यातला दुसरा आकडा पाण्याचा. तो ४ किंवा त्याहून मोठा बघून घ्यायचा.

तुमच्या बाथरूमचा हिशेब करू. आठ फूट लांबी, शॉवर एका टोकाच्या भिंतीवर. चार फूट पहिल्या पट्ट्यात गेले, उरले चार. कागदावर बघितलं तर त्या उरलेल्या चार फुटांत आरसा आणि बोर्ड बसतो, आणि कंत्राटदार बहुधा हेच दाखवेल. पण हे पट्टे आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर टबमध्ये किंवा शॉवरखाली आंघोळ करून, अंग पुसून, कोरड्या फरशीवर पाय ठेवणारा माणूस होता. आपल्याकडे बादली आहे, तांब्या आहे, कमोडशेजारी जेट आहे, आणि रविवारी पाइप लावून चारही भिंती धुणाऱ्या आपण आहोत. आपल्या न्हाणीघरात कोरडं टोक नसतंच. इंग्लंडात तर पहिल्या पट्ट्याच्या हद्दीपासून अडीच मीटरच्या आत साधं सॉकेट लावता येत नाही. २०२२ पर्यंत हेच अंतर तीन मीटर होतं. १.२ मध्ये २.५ मिळवा : ३.७ मीटर, बारा फूट. तुमचं अख्खं बाथरूम आठ फुटांचं! तिथल्या न्हाणीघरात दिव्याला छतातून लोंबणारी दोरी दिसते ती याच धास्तीने. ओल्या हाताचा आणि बटणाचा संबंधच येऊ द्यायचा नाही.

आपल्या आजीच्या घरातल्या मोरीतही वीज नव्हती, हे गमतीचं आहे. पाणी बंबात तापायचं आणि उजेड माजघरातल्या दिव्याचा, वरच्या झरोक्यातून यायचा. न्हाणीत वीज आणली ती आपण. आणि आणताना खोली लहान केली.

म्हणून माझं उत्तर एका ओळीचं : आत दिवा, पंखा आणि गीझर एवढंच, सगळी बटणं आणि सगळी सॉकेटं दाराबाहेर. फिटिंग आत कुठे बसवू असं कंत्राटदाराला विचारत बसू नका, आतलं काय काय बाहेर नेता येईल ते विचारा.

गीझर आतच लागेल, आणि तो आत चालतो. कायमचं जोडलेलं पाणी तापवायचं यंत्र पहिल्या पट्ट्यातही मान्य आहे. अडचण त्याच्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर बसवलेल्या सॉकेटची असते. शक्य असेल तर गीझर शॉवरच्या भिंतीवर नको, समोरच्या टोकाला लावा. त्याची जोडणी २.२५ मीटरच्या वर, गीझरच्या आडोशाला, बंद डब्यात करून घ्या. बटण बाहेर, दाराशेजारी, लाल दिवा असलेलं २० अँपिअरचं डबल पोल, म्हणजे दुकानात ज्याला डीपी म्हणतात ते. डीपी फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो, त्यामुळे सुरुवातीला सांगितलेला न्यूट्रलचा घोळ राहत नाही. लाइन डीबीपासून स्वतंत्र, ४ चौरस मिलिमीटर तांब्याची, १६ अँपिअरच्या एमसीबीवर. २ किलोवॉटचा साठवणीचा गीझर ९ अँपिअरच्या आसपास घेतो, ३ किलोवॉटचा इन्स्टंट १३. हीच लाइन पुढे नेऊन वॉशिंग मशीनला जोडणारे महाभाग असतात, तेवढं बघा. आणि नवा गीझर घेतलात तरी एक जुनी सवय सोडू नका : पाणी तापलं की बाहेरून बंद करायचं, दिवा विझला बघायचं, मग आत जायचं.

दिव्याचं थोडक्यात. छताला किंवा उंच भिंतीवर, बंद काचेचा किंवा प्लास्टिकचा, आयपी ४४. उघडा होल्डर नको. आरशाचा दिवाही तसाच, बटण बाहेर. एक्झॉस्ट झरोक्यात साडेसात फुटांच्या वर जात असेल तर उत्तम. खाली येत असेल तर पाण्याचे शिंतोडे सोसणारा घ्या.

ट्रिमर आणि ड्रायर? आरसा आणि बेसिन दाराबाहेर पॅसेजमध्ये काढता येतंय का बघा. नाशिककडच्या बऱ्याच फ्लॅटमध्ये बेसिन तसंही बाहेरच असतं. तिथे सॉकेट बिनधास्त द्या, बेसिनपासून हातभर लांब. मिस्टरांना आतच दाढी करायची असेल तर बॅटरीवर चालणारा ट्रिमर आत न्यावा, चार्जिंग बाहेर. मोबाइलचंही तेच, आणि मोबाइल चार्जिंगला लावून आत बसणाऱ्यांबद्दल मी सभ्य भाषेत लिहू शकत नाही.

वॉशिंग मशीनवरून तुमच्या घरात वाद होणार, हे मला पत्र वाचतानाच दिसलं. मोरी तिथे, पाणी तिथे, म्हणून मशीन तिथे. माझ्याही घरी होतं. सॉकेटवर दुधाची रिकामी पिशवी रबराने बांधलेली, आणि मी, दुसऱ्यांच्या वायरिंगच्या चुका काढणारी बाई, ती पिशवी दर महिन्याला बदलायची. एका पावसाळ्यात पिन ओढली तर तिच्या पितळेवर हिरवा थर. त्या दिवशी मशीन ड्राय बाल्कनीत गेलं. तुमच्याकडे ड्राय बाल्कनी असेल तर सांडपाण्याचा पाइप तिथवर न्यायचा खर्च आत्ताच करा, भिंती फुटलेल्याच आहेत. नसेलच आणि मशीन आतच राहणार असेल, तर ते शॉवरपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, स्टँडवर ठेवा. भिंतीला भोक पाडून पाइपाचा तुकडा बसवा, आतल्या बाजूला किंचित उतार द्या, मशीनची केबल त्यातून बाहेर काढा आणि पिन बाहेरच्या खोलीतल्या सॉकेटला लावा. पिन जाईल एवढं भोक आधीच मोठं पाडा, नाहीतर मशीन आलेल्या दिवशी कोणीतरी केबल कापून जोड देईल.

झाकणाबद्दल विचारलंत. झाकण बंद असतं तेव्हा पाणी थांबवतं. पण सॉकेटला पिन लावली की बहुतेक झाकणं उघडीच राहतात. आणि गरम पाण्याच्या वाफेला झाकणाचं काय? ती कडेने आत जाते, आत गार होते आणि तिथेच थेंब धरते. झाकण बाल्कनीतल्या सॉकेटला लावा, तिथे ते कामाचं आहे.

आता ज्यावर मी अडून बसेन ती गोष्ट : आरसीसीबी. तुमच्या डीबीमध्ये एमसीबी आहेत म्हणून मिस्टर निश्चिंत असतील. १६ अँपिअरचा एमसीबी तार जळू नये म्हणून असतो. माणसाच्या अंगातून पाव अँपिअर गेला तर त्याला काहीच कळत नाही, तो ढिम्म. आरसीसीबी मात्र गेलेली वीज आणि परत आलेली वीज सतत ताडून बघतो. फरक पडला की तोडतो. घरासाठी ३० मिलीअँपिअरचा घ्यायचा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही घरगुती जोडणीसाठी हीच कमाल मर्यादा आहे. गळती १५० मिलीअँपिअर असेल तर तो ४० मिलिसेकंदांच्या आत बंद व्हायला हवा. डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. दुकानदार १०० किंवा ३०० चा दाखवेल, तो परत करा. इन्व्हर्टरवालं वॉशिंग मशीन असेल तर "ए" प्रकारचा मागा, साधा "एसी" प्रकार त्याची गळती नीट ओळखत नाही.

आरसीसीबी बसवल्यावर तो सारखा पडतो अशी तक्रार येते, आणि पुष्कळ घरांत वायरमन त्याला वळसा घालून लाइन सरळ जोडतो. पडतोय म्हणजे तो ओरडून सांगतोय. सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एक-एक चढवत जा. ज्याला तो पडेल तिथे चोर आहे. तुमच्याकडे आज तो बसवला तर गीझर चालू केल्याबरोबर पडेल, असा माझा अंदाज. त्यावरचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. वीज गेली नाही तर तो बदलायचा. आणि तो बसवला म्हणून अर्थिंग नको, असं मात्र नाही. अर्थिंग असेल तर दोष झाल्याक्षणी तो पडतो. नसेल तर कोणीतरी हात लावेपर्यंत वाट बघतो. फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकदम हात लागला तर त्यालाही काही कळत नाही.

घरात बॅटरीचा इन्व्हर्टर आहे का, हे तुम्ही लिहिलं नाही. असेल तर बाथरूमचा दिवा बहुधा त्याच्याच लाइनवर असेल. मेन बंद केला तरी त्या तारेत वीज राहते. तोडफोड करणाऱ्या मजुरांना हे पहिल्या दिवशी सांगा, इन्व्हर्टरही बंद करून ठेवा, आणि त्या लाइनलाही आरसीसीबीचं संरक्षण मिळतंय ना, हे वायरमनकडून पक्कं करून घ्या.

या सगळ्या कटकटीपेक्षा गॅस गीझर बरा, असं कोणी सुचवेल. तो बंद बाथरूममध्ये लावला तर कार्बन मोनॉक्साइडने माणूस आतल्या आत बेशुद्ध पडतो. वास नाही, रंग नाही. लावायचाच असेल तर तोही दाराबाहेर, उघड्या हवेत. आणि काम चालू असताना पाणी तापवायला बादलीतला रॉड काढू नका. आत्ताच्या अर्थिंगवर तर मुळीच नको.

कोणाला झटका बसून तो चिकटलाच, तर त्याला धरून ओढायचं नाही. बाहेरचं बटण, नाहीतर मेन. बटणं दाराबाहेर असण्याचा हा फायदा त्या क्षणी कळतो. मग १०८ ला फोन.

शेवटी, भिंतीत वायरी बसल्यावर आणि त्यांवर प्लास्टर होण्याआधी एक दिवस काम थांबवा. बाथरूमच्या भिंतीतून बेडरूमची वायर नेलेली नाही ना ते बघा. कंत्राटदारांना हा जवळचा रस्ता फार आवडतो. वायरी सरळ उभ्या किंवा आडव्या गेल्यात ना, तिरक्या नाहीत ना, तेही बघा. मग प्रत्येक भिंतीला मापाची टेप लावून मोबाइलवर फोटो काढा, जमिनीपासून किती आणि कोपऱ्यापासून किती ते दिसेल असा. दोन वर्षांनी कोणीतरी टॉवेलचा रॉड लावायला ड्रिल घेऊन येईल. त्याला ते फोटो आधी दाखवा.